सुतळीच्या मापाचं घर

चौथ्या भाड्याच्या घरात मी खोके उघडलेच नाहीत.

पहिल्या घरात सगळं लावलं होतं. खिडक्यांच्या मापाने पडदे नव्याने शिवले, बरण्या फळीवर मांडल्या, शेजारणींकडे हळदीकुंकवाला जाऊन आले. दुसऱ्या घरात तेच पडदे आखूड पडले, तसेच लावले. तिसऱ्या घरात पडद्यांच्या भानगडीत पडले नाही, खिडक्यांना जुन्या साड्या बांधल्या. चौथ्यात आलो तेव्हा फक्त स्वयंपाकघराचे खोके फोडले, बाकीचे हॉलच्या भिंतीला लावले आणि त्यांच्यावर चादर टाकली. येणारे-जाणारे त्याला दिवाण समजून त्याच्यावर बसायचे. मीही कोणाला उठवलं नाही. खाली कुठेतरी माझ्या काचेच्या बरण्या होत्या, त्या फुटल्या तर फुटल्या, इतकं माझं मन मेलं होतं.

आमचं स्वतःचं घर डोंबिवली पूर्वेला, एका अरुंद गल्लीत. तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, आम्ही तळमजल्यावर. इमारत जुनी झाली, स्लॅबचे पोपडे ताटात पडायला लागले, तेव्हा सगळ्यांनी मिळून ती पाडून नवी बांधायचं ठरवलं. बिल्डरने गोड बोलून आम्हाला बाहेर काढलं, इमारत पाडली, जागा सपाट केली, भोवती पत्रे ठोकले आणि मग त्याचं आणि त्याच्या भागीदाराचं काहीतरी बिनसलं. काम तिथेच थांबलं. बाहेर राहायचं भाडं तो देणार होता, ते आधी उशिरा यायला लागलं आणि मग येईनासं झालं. आमच्याकडे नव्या घराचे कागद होते आणि घराच्या जागी गवत होतं.

भाड्याचं घर आमच्याकडे अकरा महिन्यांच्या बोलीवर मिळतं. कागद तेवढ्याच मुदतीचा करायचा ही पद्धतच पडून गेली आहे. अकरा महिने झाले की मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरतं, नाहीतर मालकाला घर विकायचं असतं, नाहीतर मालक नुसताच गप्प बसतो आणि भाडं वाढवून सांगतो. दर वेळी नवा एजंट, नव्या चपला झिजवणं, आणि नव्या मालकाचं तेच ऐकणं की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. शाळेत शिक्षिका म्हणून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावली, आणि निवृत्तीनंतर माझ्या निम्म्या वयाचे घरमालक मला संडासात पाणी कसं टाकायचं ते सांगायला लागले.

आमचे हे ड्रायव्हर. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीची स्टाफ बस त्यांनी नोकरीभर चालवली. सकाळी डोंबिवली-कल्याणची माणसं उचलायची, ठाण्याला सोडायची, संध्याकाळी परत आणायची. दोन गोष्टींचा त्यांना फार अभिमान. एक म्हणजे, गाडी रिव्हर्स घ्यायची तर एकाच दमात, पुढे-मागे करत बसायचं नाही. दुसरी म्हणजे त्यांच्या बसमध्ये कधी कोणाला उलटी झाली नाही. गाडी लागणारी माणसं त्यांना चेहऱ्यावरून ओळखू यायची. त्यांना ते पुढच्या सीटवर बसवायचे, हातात लिंबू द्यायचे आणि लांबवर बघायला सांगायचे. ही विद्या त्यांनी आधी माझ्यावरच वापरली होती, कारण मला गाडी लागते. साधीसुधी नाही, भयंकर लागते. डोंबिवलीहून कल्याणला रिक्षाने जायचं तरी मी पर्समध्ये पिशवी ठेवते. ड्रायव्हरची बायको म्हणून माझी नातेवाइकांत जी थट्टा व्हायची, ती आता जुनी झाली.

इमारत पडल्यापासून हे बोलायचे जवळजवळ बंद झाले. आजारी नव्हते. जेवायचे, औषधं घ्यायचे, टीव्ही समोर चालू असायचा. पण काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की तोवर मीच दुसरं काहीतरी करायला गेलेली असायची. सकाळी पेपर वाचून झाला की तो काखेत मारून फिरायला जायचे आणि हात हलवत परत यायचे. पेपर कुठे जातो, असं मी एकदा विचारलं. कोणाला तरी देतो, म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. खरं सांगायचं तर ते दोन तास घरात नसायचे याचं मला बरंच वाटायचं. गप्प माणसाच्या समोर बसून राहण्याने जेवढा थकवा येतो, तेवढा सामान हलवण्यानेही येत नाही.

चौथ्या घराच्या मालकाचा फोन आला, त्याच्या मेहुणीला घर हवं होतं. मी एजंटला फोन लावत होते तेव्हा हे खुर्चीतून म्हणाले, "या वेळी भाड्याचं नको. आपण चाकांवरचं घर घेऊ."

मला वाटलं टीव्हीतलं काहीतरी सांगताहेत. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. एका गाडीत पलंग होता, ओटा होता, बेसिन होतं, संडाससुद्धा होता, आणि एक दाढीवाला मुलगा दारात बसून कॉफी पीत होता. मागे डोंगर होता. असली गाडी आतून घरासारखी करून घ्यायची आणि कायमचं तिच्यातच राहायचं, असं ह्यांचं म्हणणं होतं. मालक नाही, एजंट नाही, अकरा महिने नाहीत.

मला गाडी लागते, मी म्हटलं.

"तुला नाही लागणार," ते म्हणाले आणि पुन्हा मोबाईल बघायला लागले.

मला राग आला. इतक्या वर्षांत माझी उलटी कितीदा धुतलेला माणूस असं म्हणतो म्हणजे काय. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. मला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, आमच्या गल्लीत, आमच्या जागेवर परत जाणं. चार खोल्या असोत की दोन, पण त्या जागेवर. ते घर मिळवायचं तर डोंबिवलीत राहून मीटिंगांना जायला हवं, बिल्डरच्या मागे लागायला हवं. हे निवृत्तीचे पैसे गाडीत घालून डोंगरदऱ्या हिंडत बसले तर ते घर गेलंच. मुलगी ठाण्याला घोडबंदर रोडला राहते, तिचं दोन खोल्यांचं घर सासूसासऱ्यांनी भरलेलं. तिथे जाऊन पडणं मला मान्य नव्हतं. तरी मी ह्यांना नाही म्हटलं नाही, कारण कित्येक महिन्यांनी माणूस आपणहून बोलला होता. खूळ आहे, चार गाड्या बघून उतरेल, असं मनाशी ठरवलं आणि निघाले.

पहिली गाडी बघितली मानपाड्याच्या पुढे, एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये. तिथला माणूस शाळेच्या बसच्या बॉड्या बांधायचा, शूटिंगवाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन करायचा, मधूनच फिरती वडापावची गाडीही करून द्यायचा. बोलका होता. काका-काकू म्हणत त्याने आम्हाला अर्धवट तयार झालेल्या गाडीत चढवलं. आत वेल्डिंगचा वास, पायाखाली प्लायचे तुकडे. इथे सोफा, रात्री ओढला की पलंग. इथे ओटा, दाराला लागून, म्हणजे बाहेर खुर्च्या टाकून बसलेल्या लोकांना आतून चहा देता येईल. बाहेर कोण बसणार आहे, हे मी विचारलं नाही. संडासाखाली एक पेटी असते, तीन-चार दिवसांनी ती ओढून काढायची आणि रिकामी करायची.

"ती पेटी रिकामी कोण करणार?" मी विचारलं.

तो हसला. सगळे हाच प्रश्न विचारतात, पण फक्त बायका, म्हणाला.

हे तोवर खाली उतरून गाडीच्या समोर गेले होते. खिशातून त्यांनी सुतळी काढली. साधी पोती बांधायची सुतळी, दोन्ही टोकांना गाठी मारलेली. एक टोक त्यांनी त्या माणसाच्या हातात दिलं आणि गाडीच्या तोंडावर आडवी ताणली. गाडी सुतळीबाहेर गेली, चांगली हातभर. ह्यांनी मान हलवली आणि सुतळीची गुंडाळी करून खिशात टाकली. मग विचारलं, ओट्याची खिडकी उजवीकडे करता येईल का. त्या माणसाने दहा कारणं देऊन सांगितलं की डावीकडेच बरी. ह्यांनी त्याचे आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो.

रस्त्याने येताना मी विचारलं की हे सुतळीचं काय. टेप मिळाली नाही, म्हणाले. आमच्या घरात तीन टेप होत्या, त्या तिन्ही कुठल्या तरी खोक्यात होत्या हे खरं होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

दुसरी गाडी वागळे इस्टेटमध्ये. ह्यांच्या जुन्या कंपनीपासून दोन गल्ल्या सोडून एक काचेची शोरूम झाली होती. पूर्वी तिथे नटबोल्टचा कारखाना होता, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. गाडी चकचकीत पांढरी, आत निळसर दिवे, ओट्यावर प्लास्टिकची लिंबं एका बाऊलमध्ये ठेवलेली. एक तरुण मुलगी आम्हाला माहिती देत होती. तिच्या वयाच्या मुली मला आवडतात, कामाचा कंटाळा असला तरी चेहऱ्यावर दाखवत नाहीत. ती म्हणाली, "अंकल, पहिले लोक फक्त ट्रिपला घ्यायचे, आता फुल टाइम राहायला पण घेतात. एकदम फ्री लाइफ."

फ्री लाइफ म्हणजे काय, असं मी तिला विचारणार होते. पलंग इतका छान होता की मी टेकले, आणि टेकल्यावर पाठीने जे काही सांगितलं ते मला ऐकू आलं. तिथेच आडवं व्हावं, कोणी उठवू नये, असं वाटलं. त्या मुलीला सांगावं, बाई, तुम्ही दिवे घालवा, दार ओढून घ्या, आम्हाला काही घ्यायचं नाही पण निजू द्या. पण असं कोणी सांगत नाही. मी उठले, साडी सारखी केली आणि पेटी कोण रिकामी करतं ते विचारलं. तिने इंग्रजीत उत्तर दिलं, ते मला कळलं आणि पटलं नाही.

हे सुतळी घेऊन गाडीपुढे उभे होते. रुंदीला ती बसत होती, अगदी काठाकाठाने. पण ओटा गाडीच्या मागच्या भिंतीला होता आणि खिडकी मागच्या काचेची. उजवीकडे होणार नाही का, ह्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली की मॉडेल असंच येतं. ह्यांचा चेहरा पडला. मला त्या वेळी त्यांची चीड आली. गाडी बघायला आलेला ड्रायव्हर, इंजिनाबद्दल एक शब्द नाही, मायलेज नाही, टायर नाही. ओट्याची खिडकी उजवीकडे की डावीकडे, हे त्यांच्या डोक्यात कोणी भरवलं. स्वयंपाकघराकडे आयुष्यात न फिरकलेला माणूस. शोरूमच्या बाहेर मी हे सगळं त्यांना बोलून दाखवलं, चांगलं ताडताड. त्यांनी ऐकून घेतलं आणि कोपऱ्यावर उसाचा रस घेतला, मला बर्फ न घालता.

अजून एक बघू, म्हणाले, टिटवाळ्याची. मग नाही बघायची.

टिटवाळ्याला स्टेशनपासून आत, नव्या इमारतींच्या मागे एक बैठा बंगला होता. त्याच्या अंगणात ताडपत्रीखाली ती गाडी उभी होती. ताडपत्रीवर दोडक्याचा वेल चढला होता आणि दोन जून दोडकी लोंबत होती. मालक निवृत्त झालेले बँकेतले गृहस्थ. बायकोला घेऊन फिरायचं म्हणून त्यांनी हौसेने गाडी करून घेतली, एकदा कोकणात जाऊन आले आणि मग बायकोचे गुडघे गेले. बाई आतूनच म्हणाल्या की गाडीत गुडघे मोडूनच बसावं लागायचं. गृहस्थांनी ताडपत्री ओढली. गाडी बुटकी, फिकट, एका बाजूला गंज धरलेली. आत मात्र सगळं नीट होतं. दोन फळकुटांचे पलंग, दोन माणसं समोरासमोर बसतील एवढं टेबल, छोटी शेगडी, आणि ओट्यावर सरकती खिडकी. उजवीकडे.

सुतळी बसली. ह्यांनी पुन्हा ताणून बघितली आणि माझ्याकडे पाहून हसले. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं होतं ते मला आठवेना.

मालक प्रामाणिक होते. त्यांनी स्वतःच सांगितलं की गाडी फार दिवस उभी आहे, बॅटरी नवी घालावी लागेल, इंजिनमध्ये आवाज आहे, लांब पल्ल्याला न्यायची तर खर्च करावा लागेल. हे म्हणाले, हरकत नाही. त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. गाडीभोवती एक चक्कर मारून टायर लाथेने ठोकून बघणारा माणूस, भाच्याच्या स्कूटरचंही इंजिन कान लावून ऐकणारा माणूस, म्हणतो हरकत नाही. परतीच्या लोकलमध्ये मी काळजीनेच विचारलं, अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना. त्यांनी खिडकीतून बाहेर बघत मान हलवली. मी ठरवलं की आता स्पष्ट नाही म्हणायचं. खूळ उतरायच्या ऐवजी चढत चाललं होतं.

पण त्या आठवड्यात नवं घर दाखवायला एजंट दोनदा आला, मी दोन ठिकाणी जिने चढले आणि बोलायची ताकद राहिली नाही. मधेच एका संध्याकाळी ह्यांना कोणाचा तरी फोन आला. ते गॅलरीत जाऊन बोलले, बराच वेळ ऐकत राहिले, आत आले आणि न जेवता झोपले. काय झालं विचारलं तर पोट ठीक नाही म्हणाले. मी ओव्याचं पाणी दिलं. ते निमूट प्यायले.

दोन दिवसांनी ते म्हणाले की टिटवाळ्याच्या गृहस्थांनी बॅटरी घातली आहे, एक दिवस गाडी चालवून बघा म्हणालेत. हे स्वतः जाऊन ती घेऊन येतात, मी कोपऱ्यावर थांबावं. चहाचं सामान बरोबर घ्यावं.

"चहाचं कशाला?" मी विचारलं.

"घे ना. शेगडी चालते का बघायला नको?"

पिशवीत चहा, साखर, दुधाची पिशवी, दोन कप, पातेलं आणि लिंबू घेतलं. गाडी आली. मी पुढे त्यांच्या शेजारी बसले, लिंबू नाकाला लावलं. आज परत येताना सांगायचं, नको म्हणून. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं: तुम्हाला हिंडायचं असेल तर खुशाल हिंडा, मी डोंबिवली सोडणार नाही. हायवेला लागू असं वाटलं होतं, म्हणून पिशवी मांडीवर तयार ठेवली. पण गाडी हायवेकडे वळली नाही. बाजारातून, शाळेवरून, रिक्षा स्टँडवरून हळूहळू जात आमच्याच गल्लीत शिरली.

मी त्या गल्लीत फारशी जात नसे. मीटिंगा दुसरीकडे व्हायच्या, आणि ते पत्रे मला बघवायचे नाहीत. हे गाडी पत्र्यांसमोर घेऊन गेले. पत्र्यांच्या मधे लोखंडी अँगलचं छोटं गेट होतं. वॉचमन उठून आला, ह्यांना हात केला आणि न विचारता गेट उघडलं. त्याच्या खुर्चीवर आमच्याकडचे पेपर नीट घडी घालून रचलेले होते.

ह्यांनी मला उतरवलं. मग गाडी पुढे घेतली, तोंड वळवलं आणि मागे सोडली. गल्ली अरुंद, गेट त्याहून. दोन्ही बाजूंना हाताच्या पंजाएवढी जागा. वॉचमन ओरडून सांगायला गेला, पण ह्यांना गरज नव्हती. एकाच दमात गाडी आत गेली, थोडी आणखी मागे, थोडी डावीकडे, आणि थांबली. तेव्हा मला सुतळी कळली.

मी गवतातून चालत गेले आणि आत चढले. हे ओट्याची खिडकी सरकवत होते. बाहेर शेजारच्या इमारतीची मागची भिंत होती. तिच्यावरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप, पाइपच्या सांध्यातून उगवलेलं पिंपळाचं रोप, त्याच्या बाजूला कोणीतरी कधीकाळी लावलेला आणि कधीच न काढलेला निळ्या रंगाचा पट्टा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं ते. तेच, तेवढंच, त्याच उंचीवर. पोळ्या लाटताना, मुलीला ओरडताना, सासूबाई गेल्या त्या दिवशी चहा करताना मी हेच बघत होते. पिंपळ तेवढा मोठा झाला होता.

मी खाली बसले.

"कुठे जायचंच नव्हतं," हे म्हणाले. "इथेच उभी करायची होती. इमारत होईपर्यंत इथेच राहायचं. आपल्या जागेवर. तुला नाही लागणार म्हटलं होतं ना."

मग ते बोलत राहिले, इतक्या महिन्यांचं एकदम. रोज सकाळी ते इथे येत होते. गेटचं माप त्यांनी सुतळीने घेतलं होतं, कारण टेप घेऊन उभं राहिलं तर लोक विचारतात. पाणी शेजारच्या इमारतीतून मिळालं असतं, त्यांच्या सेक्रेटरीशी बोलणं झालं होतं. संडासाची पेटी ते स्वतः रिकामी करणार होते, मला हात लावू देणार नव्हते. दोडक्याचा वेल टिटवाळ्याहून आणून इथे लावणार होते. माझे खोके ते एकेक करून इथे उघडणार होते.

मी विचारलं, सोसायटीला विचारलं का. इतकं सगळं ऐकून घेतल्यावर मी हेच विचारलं, कारण इतकी वर्षं मीटिंगांना जाऊन माझा स्वभावच तसा झाला आहे.

"विचारलं," ते म्हणाले. "परवा फोन आला. नाही म्हणाले. एकाला दिलं तर सगळे येतील, आणि जागेवर कोणी राहायला लागलं तर बिल्डर त्याचंच निमित्त करून हात वर करेल."

कमिटीचं बरोबर होतं. मी कमिटीत असते तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणूनच त्यांचा राग येईना, आणि कोणाचा तरी राग आला असता तर बरं झालं असतं. मी ह्यांच्यावरच ओरडले, हे सगळं परवाच का नाही सांगितलं, नाही म्हणाल्यावर मला इथे कशाला आणलंत. ओरडताना रडायला आलं. ते पलंगावर बसून खिडकीकडे बघत होते, हात गुडघ्यांवर, बस चालवून घरी आले की बसायचे तसे.

मग म्हणाले, "एकदा चहा कर इथे. मग जाऊ."

मी पातेलं काढलं. शेगडी दोन-तीनदा फुसफुसली आणि पेटली. आलं विसरले होते. दूध घालून चहा उकळेपर्यंत मी खिडकीशी उभी राहिले, त्या पाइपकडे बघत. शेजारच्या तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं, हात थांबले, मग तिने ओळख पटल्यासारखी मान हलवली. मीही हलवली. पूर्वी रोज असंच व्हायचं.

आम्ही टेबलाशी समोरासमोर बसून चहा प्यायलो. गाडी जागची हलत नव्हती, त्यामुळे मला काही होत नव्हतं. नवीन घराचं बघायला हवं, मी म्हटलं, एजंट उद्या येतोय. ह्यांनी मान हलवली. तळमजल्यावरचं मिळालं तर बघू, म्हणाले. मी म्हटलं, बघू.

कप रिकामे झाले तरी कोणी उठलं नाही. बाहेर वॉचमन खुर्चीत बसून डबा उघडत होता. मी विचारलं, आपल्याकडे वेळ किती आहे.

"त्याचा सुपरवायझर जेवणानंतर येतो," हे म्हणाले. "त्याचा डबा संपेपर्यंत."

मी दारातून बाहेर बघितलं. त्याने भाकरीचा पहिला तुकडा मोडला होता. मी पातेलं विसळलं आणि पुन्हा चहाचं आधण ठेवलं.